गोड बातमीतली साखर

गेल्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिळगूळ हातात घेतला, रुमालात गुंडाळला आणि घरी नेऊन नवऱ्याला दिला, हे दोन-तीन काकूंच्या लक्षात आलं होतं. एकींनी विचारलंसुद्धा, "अगं, सहावा संपत आला ना? मग खा की, बाळ मागतंय!" मी म्हटलं, "काकू, पित्त झालंय हो." ते खोटं होतं. खरं कारण असं की दोनच दिवसांपूर्वी माझा शुगरचा रिपोर्ट आला होता, आणि तो चारचौघींत सांगायची मला लाज वाटत होती. आज लेक दहा महिन्यांची झाली आहे, तेव्हा आता सांगून टाकते.

तिसऱ्या महिन्यात तपासणी झाली होती तेव्हा सगळं ठीक होतं, आकडा १०८ आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की २४ ते २८ आठवड्यांच्या मध्ये पुन्हा एकदा करायची. मी २६व्या आठवड्यात गेले. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. जानेवारीतली ग्वाल्हेरची थंडी, बाहेर धुकं, आणि लॅबमधला मुलगा म्हणतोय, "मैडम, दो घंटे यहीं बैठना है, घूमना-फिरना नहीं." मी मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसची एक मीटिंग तिथेच उरकली. पुण्याच्या कंपनीत आहे, काम घरूनच चालतं, त्यामुळे लॅबचा बाकडाही चालला. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला, १६२. मर्यादा १४०.

ही एका सुईची तपासणी आपल्याकडची आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी ती मांडली आणि रूढ केली. त्यामागचा विचार मला फार आवडला. परदेशी पद्धतीत रात्रभर उपाशी राहून यायचं आणि दोन-तीन वेळा रक्त द्यायचं. आपल्याकडे गावाहून दोन बस बदलून येणाऱ्या गरोदर बाईला उपाशी ये म्हटलं तर ती येतच नाही, आणि आलीच तर दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून जेवून आली असली तरी चालेल, एकदाच ग्लुकोज, एकदाच रक्त. केंद्र सरकारने २०१४ साली हीच पद्धत आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतली, २०१८ मध्ये त्या सुधारल्या. आपल्या मध्य प्रदेशातला होशंगाबाद, म्हणजे आताचा नर्मदापुरम, जिल्हा या कामाच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक होता. शेषय्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. १० मार्च हा त्यांचा वाढदिवस देशात गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. मी मात्र त्या दिवसापर्यंत अशा दिवसाचं नावही ऐकलं नव्हतं.

त्या रात्री मी झोपले नाही. गरोदर होण्याआधी माझं वजन ५१ किलो. गोडाची आवड नाही. बहादुराचे लाडू घरात आले तर मी अर्धा मोडून घेणारी. थंडीत मुरैन्याची गजक तेवढी खाते, तीही दोन तुकडे. मग मलाच का? रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर काय काय वाचलं, ते आता आठवतही नाही. एवढं आठवतं की प्रत्येक ओळीत बाळाचं काहीतरी वाईट होत होतं. सकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या मनाने अगदी साध्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "होईल गं नीट. पण आमच्या घरात कुणाला नाही हो हे." त्यांना काही टोचायचं नव्हतं, पण मला टोचलं. कारण माझ्या घरात होतं. माझ्या आईला चव्वेचाळिसाव्या वर्षापासून मधुमेह आहे.

आमच्या डॉक्टर तशा कमी बोलणाऱ्या. त्या दिवशी मात्र त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, म्हणून त्यांचे फार उपकार. त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते. पोटात बाळाबरोबर वार वाढते. ही वार काही हार्मोन तयार करते आणि त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर कमी पडतो. ही निसर्गाचीच योजना, कारण आईच्या रक्तात साखर थोडी जास्त वेळ राहिली तर बाळाला खायला मिळतं. बहुतेक आयांचं स्वादुपिंड मग दुप्पट-तिप्पट इन्सुलिन बनवून हिशोब बरोबर करतं. काहींचं पुरं पडत नाही. (आमच्या धंद्यात म्हणतात तसं, लोड वाढला आणि सर्व्हर दमला.) म्हणजे दोन महिन्यांपूर्वी खाल्लेल्या गजकेने हे झालेलं नसतं. वार आणि माझं स्वादुपिंड यांच्यातला हा मामला. जेवणाने तो सांभाळता येतो एवढंच.

मी विचारलं, साखर वाढली तर माझी वाढली, बाळाला काय? तर साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. बाळाला ती जास्तीची साखर स्वतःच निस्तरावी लागते. त्याचं इवलंसं स्वादुपिंड भराभर इन्सुलिन बनवायला लागतं, आणि त्या इन्सुलिनने बाळाच्या अंगावर चरबी चढते, खांद्यावर, पोटावर. बाळ मोठं होतं, बाळंतपण अवघड होतं. जन्मल्यावर नाळ कापली की साखर येणं एकदम बंद, पण इन्सुलिन तसंच चालू. म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर झपकन उतरू शकते. कोपनहेगनच्या पेडरसन नावाच्या डॉक्टरांनी हे १९५०च्या दशकातच मांडलं होतं. साखर अगदी हाताबाहेर गेली तर शेवटच्या आठवड्यांत बाळ पोटातच दगावण्याचा धोकाही असतो. हे शेवटचं वाक्य डॉक्टर हळू आवाजात बोलल्या. त्यांच्यापेक्षा हळू आवाजात ते मला पुन्हा ऐकायला मिळणार होतं, पण ते पुढे येईल.

बारीक असून मलाच का, याचं उत्तर मला पुण्यात सापडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या बारीक अंगाच्या बायका, बीएमआय जेमतेम १८. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथपर्यंत नवल नाही. नवल असं की पुण्याच्या बाळांत कमी होतं ते मांस, हाडपेर, पोटातले अवयव. कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबी राखून असलेली बाळं. हा निष्कर्ष २००३ साली छापून आला. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या साप्ताहिकात याज्ञिकांनी आपला आणि आपले इंग्लिश सहकारी यूडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी यूडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! तो फोटो मी नवऱ्याला दाखवला. तो आधी हसला, मग हळूच स्वतःच्या पोटाकडे बघून गप्प बसला.

तर वजनकाट्यावर ५१ दिसलं म्हणून मी सुटले, असं नसतं. आपल्याकडची अंगकाठी फसवी. त्यात आईला मधुमेह, आणि वय तेहतीस.

आता रोजच्या जगण्याचं. डॉक्टरांनी दोन आठवडे दिले, आधी खाण्यापिण्याने बघू म्हणाल्या. ग्लुकोमीटर आणला. सकाळी उपाशीपोटी ९५च्या खाली, आणि जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या खाली, असं ठरलं. रोज चार वेळा बोट टोचायचं. बोटाच्या टोकाला टोचलं की दुखतं, कडेला टोचलं की कमी दुखतं, हे दोन दिवसांनी कळलं. टाइप करायचीच बोटं, त्यामुळे करंगळी आणि अनामिका या कामासाठी राखून ठेवल्या.

मी इंजिनिअर माणूस, एक्सेलची शीट केली. काय खाल्लं, किती, किती वाजता, नंतर चालले का, आकडा काय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे आहे ते कळतं. आठवड्यातच शीट बोलायला लागली. एक डिश कांदेपोहे, १५८. मला वाटलं मीटर बिघडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पोहे, १५४. चतुर्थीची साबुदाणा खिचडी, १७१. त्या दिवशी उपास कायमचा सोडला आणि गणपतीची माफी मागितली. बेसनाचं धिरडं, वर दही, १०९. मुगाची धिरडी त्याच्या आसपास. ज्वारीची एक भाकरी, पिठलं आणि मेथीची भाजी, ११४. पण दोन भाकऱ्या खाल्ल्या की १३६, म्हणजे 'भाकरी चालते' या वाक्यात भाकरी किती हे महत्त्वाचं. बाजारात 'शुगर फ्री' म्हणून मिळणारी बिस्किटं चहाबरोबर चार खाल्ली आणि १४१ आला. साखर नसेल, मैदा होताच की. सकाळची न्याहारी सर्वांत नाठाळ. तेच जेवण दुपारी घेतलं तर आकडा खाली यायचा. सकाळी शरीरातले इतर हार्मोन जोरात असतात म्हणून असं होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

हे आकडे माझे. तुमचे वेगळे येतील, माझी शीट बघून कुणी पोहे सोडू नयेत. स्वतःचं मीटर काय म्हणतं ते बघावं.

दोन युक्त्या मात्र मनापासून सांगते. एक म्हणजे ताटातला क्रम. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा घट्ट वरण, आणि भात-पोळी शेवटी. तेच ताट, तेवढंच अन्न, पण आकडा पंधरा-वीसने खाली. सासूबाईंना हे पटेना. "वरणभाताने सुरुवात करायची, शेवट ताकभाताने, ही आपली पद्धत." मी त्यांना दोन दिवसांचे आकडे दाखवले. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं. भात शेवटी." दुसरी युक्ती, जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. आम्ही लष्करात जुन्या घरात राहतो, गल्लीत स्कूटर आणि गाई दोन्ही. पोट घेऊन तिथे चालायची सोय नाही. मी गच्चीवर फेऱ्या मारायची. शेजारच्या भाभी त्यांच्या गच्चीवर पापड वाळवत बसायच्या, त्यांनी चौथ्या दिवशी विचारलं, "डॉक्टर ने बोला है क्या?" मी हो म्हटलं. कशासाठी ते नाही सांगितलं.

या लपवाछपवीतून मी एक मोठी चूक केली. आकडे चांगले यावेत म्हणून खाणंच कमी केलं. रात्री वाटीभर सूप घ्यायचं आणि झोपायचं. शीट हिरवीगार दिसायला लागली आणि मला वाटलं, जिंकलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी वजन बघितलं, एक किलो कमी. लघवीत कीटोन निघाले. म्हणजे शरीर स्वतःची चरबी जाळत होतं, उपासमार चालू होती. मी परीक्षेत नक्कल करताना पकडले गेल्यासारखी बसले होते. त्या रागावल्या, "आकडा मला दाखवायला नाहीये, बाळासाठी आहे." त्यांनी तीन जेवणं आणि तीन मधली खाणी लिहून दिली. झोपताना मूठभर शेंगदाणे किंवा पनीरचे तुकडे. पोटभर खाऊनही आकडे जागेवर राहू शकतात, हे मला तेव्हा पटलं.

जेवणानंतरचे आकडे बसले. सकाळचा उपाशीपोटीचा मात्र हटेना. १०२, ९९, १०४. तिथे मी काही खाल्लेलंच नसतं, बदलणार काय? डॉक्टर म्हणाल्या, रात्रीचं इन्सुलिन सुरू करू.

घरात एकदम शांतता पसरली. सासरे म्हणाले, "अजून एक महिना पथ्य करून बघू." सासूबाईंच्या मनात पक्कं होतं की एकदा इन्सुलिन लागलं की ते जन्माचं चिकटतं. त्यांच्या एका नात्यातल्या बाईंचं म्हणे तसंच झालं होतं. नवरा मधल्या मध्ये. खरं सांगू, मलाही नकोच होतं. पेन आणून फ्रिजच्या दारात ठेवलं होतं आणि मी दोन रात्री 'उद्यापासून' म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी ठाटीपूरहून आई आली, राहायलाच आली. रात्री माझ्या खोलीत बसून ती पेन हातात घेऊन फिरवत होती. मग म्हणाली, "तू झालीस तेव्हा सव्वाचार किलोची होतीस."

हे मला माहीत होतं. आमच्या घरातली ती लाडकी गोष्ट. नर्स म्हणाली होती, ही तर तीन महिन्यांची होऊनच आली! अल्बममध्ये फोटो आहे, गाल खांद्यावर टेकलेले, सगळे कौतुकाने बघतायत.

"तुझ्यानंतरचं माहीत आहे?" आईने विचारलं. मला अर्धवट माहीत होतं. माझ्या आणि धाकट्या भावाच्या मध्ये एक बाळ होतं, ते 'राहिलं नाही', एवढंच कानावर आलं होतं. आई म्हणाली, "नववा लागला होता. दोन दिवस हललं नाही. मी म्हटलं झोपलं असेल." आणि मग, "मोठं होतं गं. चार किलोच्या वरचं. सगळे म्हणाले, नजर लागली."

तिची साखर कधी कुणी तपासली नव्हती. १९९०च्या आसपासची गोष्ट, लघवी तपासायचे कधीमधी, बस. आईने मला विचारलं, "तेव्हा बघितलं असतं तर?" मला काय सांगता येणार होतं? इतक्या वर्षांनी, कागद नसताना, कुणालाच सांगता येणार नाही, तेच तिला म्हटलं. पण सव्वाचार किलोची पहिली, तशीच दुसरी, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मधुमेह, हे तिन्ही एका ओळीत ठेवल्यावर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

मग आईने विचारलं, "कुठे टोचायचं असतं?" मांडीवर, असं सांगितलं. चार मिलीमीटरची सुई, केसासारखी. पहिलं इन्सुलिन तिनेच दिलं. बोट टोचण्यापेक्षा कमी दुखलं. सहा युनिटांपासून सुरुवात झाली, पुढे दहापर्यंत गेलं. पाचव्या सकाळी उपाशीपोटीचा आकडा ८८ आला. इन्सुलिनचा रेणू वारेतून पलीकडे जात नाही, म्हणून गरोदरपणात ते बाळासाठी सुरक्षित. काहींना गोळीही देतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि सासूबाई स्वयंपाकघरात दार लोटून काहीतरी बोलत होत्या. काय बोलल्या, मला आजवर कळलेलं नाही. पण त्यानंतर रात्री साडेनऊला सासूबाईच हाक मारायला लागल्या, "सुई घेतलीस का गं?"

फेब्रुवारीत डोहाळजेवण झालं. आधीचा बेत साखरभात, पुरणपोळी आणि बासुंदी असा होता. तो सासूबाईंनी स्वतः बदलला. भरली वांगी, मटकीची उसळ, ज्वारीच्या छोट्या भाकऱ्या, काकडीची कोशिंबीर, अळूचं फदफदं गुळाशिवाय (हे जरा फसलं, पण कुणी बोललं नाही). पाहुण्यांसाठी पुरणपोळ्या होत्याच. फुलांचे दागिने, हिरवी साडी, ओटी, सगळं साग्रसंगीत. आणि शेवटी दोन वाट्या पालथ्या घातल्या. एरवी एकीखाली पेढा असतो, एकीखाली बर्फी. मी वाटी उचलली तर खाली बदाम! दुसरीखाली अक्रोड निघाला. बदाम म्हणजे मुलगा की मुलगी, यावर काकूंमध्ये जो वाद जुंपला तो जेवण संपेपर्यंत मिटला नाही. त्याच दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं, मला शुगर आहे, इन्सुलिन घेते. दोन सेकंद कुणी बोललं नाही. मग एक काकू म्हणाल्या, "अगं, मलाही होती धाकट्याच्या वेळी. सांगितलं नव्हतं कुणाला." आणखी एक चुलत नणंद हात धुता धुता कानात म्हणाली, "वहिनी, ते मीटर कुठून घेतलंत?" आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाने जगात दर सहा जन्मांमागे एका बाळंतपणात आईची साखर वाढलेली होती. आमच्या त्या खोलीत पस्तीस बायका होत्या, हिशोब तुम्हीच करा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ३९वा आठवडा लागल्यावर, कळा आणायचं ठरलं. लेक झाली, २ किलो ९०० ग्रॅम. तासाभराने तिच्या टाचेतून रक्त घेतलं, ४२. नर्सने लगेच तिला माझ्या अंगावर पाजायला दिलं. पुढच्या वेळी ५७, मग ६३. तो पाऊण तास मी तिच्या चेहऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. माझं इन्सुलिन त्याच दिवशी बंद झालं. वार गेली, तिचे हार्मोन गेले. तिसऱ्या दिवशी माझी उपाशीपोटीची साखर ८४. सासूबाईंनी देवाजवळ साखर ठेवली, आणि जन्माचं चिकटलं नाही म्हणून मला पुन्हा पुन्हा सांगितलं, जणू शंका माझीच होती.

इथे गोष्ट संपली, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. घोडचूक झाली ती इथेच.

डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली एक ओळ होती, सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी. बाळाच्या लसींचं कार्ड आम्ही देव्हाऱ्याशेजारी जपून ठेवलं; हा कागद फाइलीत गेला. सहा आठवडे म्हणजे मे महिन्याचा शेवट. ग्वाल्हेरचा मे, बाहेर ४५ अंश, लू चाललेली, मांडीवर तान्हं बाळ. उपाशी जाऊन दोन तास कोण बसणार? त्यात बाळंतिणीचा खुराक सुरू. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गुळाचा शिरा, आणि प्रत्येक घासाबरोबर "आता काही नाही, खा." मी खाल्लं. नऊ महिने तोंड बांधून घेतल्यावर कुणीही खाईल. ग्लुकोमीटर कपाटात गेलं. सहा आठवड्यांचे सहा महिने झाले.

आठवण झाली ती शीटमुळे. डिसेंबरात ऑफिसची कुठलीशी फाइल शोधताना ती उघडली गेली, आणि मला स्वतःचीच शरम वाटली. चार वेळा बोट टोचणारी मी, बाळ बाहेर आल्यावर एकदाही टोचलं नव्हतं. मग पुन्हा वाचायला बसले. २०२० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता: गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या जवळपास दहापट. वार गेली तरी स्वादुपिंड तेच राहतं. गरोदरपणात त्याची परीक्षा झाली होती आणि ते थोडक्यात नापास झालं होतं, एवढी खबर मला फुकटात मिळाली होती. माझ्या आईला ती कधी मिळालीच नाही. तिला वीस वर्षांनी, पायाला झालेली जखम बरी होईना तेव्हा कळलं.

या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, त्याच लॅबमध्ये गेले. आई बरोबर आली, तिची तीन महिन्यांची तपासणी होती. मुलगा तोच होता, म्हणाला, "मैडम, फिर से?" मी म्हटलं, नाही रे बाबा, मागच्याचंच राहिलंय. दोन तास आम्ही दोघी बाकड्यावर बसलो, लेक आलटून पालटून दोघींच्या मांडीवर. उपाशीपोटी ९६. दोन तासांनी १५१.

दोन तासांचा आकडा २०० झाला की मधुमेह, १४०च्या खाली असला की ठीक. मी मध्ये आहे. डॉक्टर म्हणाल्या की बरं झालं आलीस, या टप्प्यावर अजून बरंच हातात असतं. औषध नाही. वजन बाळंतपणाआधीच्यावर आणायचं, अजून सहा किलो आहेत. चालणं, ताटातला क्रम, लेकीला अंगावर पाजणं चालू ठेवायचं, त्याचा आईच्या साखरेलाही फायदा असतो. आणि दुसऱ्यांदा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत तपासणी.

भात पुन्हा शेवटी गेला आहे. सासूबाईंनी या वेळी काही विचारलं नाही, त्यांनीच ताटं तशी वाढली. सासरेही आता तसंच जेवतात; त्यांची साखर आम्ही मागच्या आठवड्यात तपासली, घरात 'कुणाला नाही' हे खरं की नुसतंच न बघितलेलं ते एकदा कळावं म्हणून. उपाशीपोटी ११८ निघाली. सासूबाई त्यांच्या गजकेचा डबा वरच्या फळीवर ठेवून आल्या.

माझी पुढची तपासणी जुलैत. तारीख माझ्या फोनमध्ये आहे, नवऱ्याच्या फोनमध्ये आहे, आणि लेकीच्या लसींच्या कार्डावर मागच्या बाजूला आईने पेनाने लिहून ठेवली आहे.